पेशीला थांबायचं कधी, हे कोण सांगतं?

या महिन्याच्या टपालात मेंदूच्या पेशींविषयी चार पत्रं आली. प्रश्न वेगवेगळे आहेत, पण बोट एकाच गोष्टीकडे जातं: चेतापेशी तयार होताना वाढ कोण चालू करतं आणि कोण आवरतं. मी आयुष्यभर फळमाशीच्या अळीच्या मेंदूत हेच शोधत आले, म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवून या वेळी एवढ्यांचीच उत्तरं देते.

प्रश्न : ताई, मी सांगली जिल्ह्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. शरीरातल्या सगळ्या पेशींत तीच जनुकं असतात असं सांगितल्यावर एका मुलीने विचारलं, 'मग मेंदूच्या पेशीने किती वाढायचं आणि कधी थांबायचं, हे कुठल्या जनुकात असतं?' आमच्या पुस्तकात चेतापेशीची आकृती आहे, पण ती घडते कशी ते नाही. गर्भारपणातल्या आईच्या खाण्याचा यात काही वाटा असतो का, हेही तिला जाणून घ्यायचं आहे.

उत्तर : त्या मुलीला आधी हे सांगा की असं कुठलं एक जनुक नाही. दुसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पेशी आकाराने मोठी होणं आणि पेशीचे दोन भाग होणं ही दोन स्वतंत्र कामं आहेत. जनुकं कधी या दोन कामांची सांगड घालतात, कधी ती मोडतात. मेंदू केवढा होणार, हे त्या जोडण्या-मोडण्यावर ठरतं.

फळमाशीत हे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दिसतं. पिकलेल्या केळ्यावर घोंगावते तीच ही माशी. तिच्या गर्भात वरच्या थरातल्या काही पेशी आत सरकतात आणि न्यूरोब्लास्ट होतात, म्हणजे चेतापेशींना जन्म देणाऱ्या मूळपेशी. शेजारशेजारच्या पाच-सहा पेशींना ही संधी सारखीच असते. त्यातली एक जरा पुढे गेली की तिच्या पृष्ठभागावरचं डेल्टा हे प्रथिन शेजारच्या पेशींवरच्या नॉच या प्रथिनाला गाठतं आणि त्यांना या वाटेवर येण्यापासून अडवतं. त्या त्वचा होतात. नॉचचं जनुक बिघडलं तर सगळ्याच पेशी चेतापेशींच्या वाटेला लागतात, गर्भाच्या पोटाकडच्या बाजूला त्वचाच बनत नाही आणि तो मरतो. थांबवणाऱ्या जनुकांचं काम इतक्या लवकर सुरू होतं.

निवडलेला न्यूरोब्लास्ट मग दोन असमान भागांत विभागतो. मोठा भाग न्यूरोब्लास्टच राहतो. छोटा भाग फक्त आणखी एकदा विभागतो, त्याच्या दोन चेतापेशी होतात आणि त्या पुन्हा कधी विभागत नाहीत. दोघांतली जनुकं तीच, मग नशीब वेगळं कसं? विभाजनाच्या आधीच न्यूरोब्लास्ट काही प्रथिनं आपल्या एका टोकाला गोळा करतो: नम्ब, ब्रॅट आणि प्रोस्पेरो. विभाजन होताना ती सगळी छोट्या पेशीत जातात. तिथे प्रोस्पेरो केंद्रकात शिरून मूळपेशीची जनुकं बंद करतं, नम्ब नॉचला आवरतं आणि ब्रॅट मिक या वाढीच्या प्रथिनाचं उत्पादन दाबतं. मिक नसलं की रायबोसोम पुरेसे बनत नाहीत, म्हणजे प्रथिनं बनवणारी यंत्रणाच तोकडी पडते. छोटी पेशी छोटीच राहते. हे तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर झालं. जनुकं सारखीच असली तरी वाटणी असमान होते.

उरलेलं अर्धं उत्तर वेळेचं आहे. भाकरीच्या पिठाच्या मोठ्या गोळ्यातून एकेक उंडा तोडत जावा, तसा न्यूरोब्लास्ट एकेक छोटी पेशी तोडत जातो. गर्भात नवं पीठ मळलं जात नाही. विभाजन चालू असतं, पण दोन विभाजनांच्या मध्ये पेशी पुन्हा मोठी होत नाही. गोळा लहान लहान होत चार-पाच मायक्रॉनवर येतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि बहुतेक न्यूरोब्लास्ट निद्रिस्त होतात.

अंड्यातून अळी बाहेर येऊन खायला लागली की साधारण एका दिवसात ते जागे व्हायला लागतात. जागा झालेला न्यूरोब्लास्ट आधी फुगतो, दहा मायक्रॉनच्या पुढे जातो, मग विभागतो, आणि आता प्रत्येक विभाजनानंतर आपला आकार भरून काढतो. १९९८ मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलला जेसिका ब्रिटन आणि ब्रूस एडगर यांनी दाखवलं की नुसत्या साखरेवर ठेवलेल्या अळ्या काही दिवस जगतात, पण त्यांचे न्यूरोब्लास्ट जागे होत नाहीत. त्यांना प्रथिनं लागतात. पुढे २०१० आणि २०११ मध्ये केंब्रिजच्या अँड्रिया ब्रँड आणि लंडनचे अलेक्स गूल्ड यांच्या गटांनी निरोपाची वाट उलगडली. अळीच्या चरबीसाठ्यातल्या पेशी टॉर या जनुकाच्या मदतीने अमिनो आम्लं ओळखतात आणि मेंदूकडे इशारा पाठवतात. मेंदूभोवतीच्या ग्लिया पेशी, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी, त्यावर इन्सुलिनसारखी प्रथिनं सोडतात. ती न्यूरोब्लास्टच्या पृष्ठभागावर बसतात आणि आतल्या वाढीच्या जनुकांची साखळी सुरू होते. न्यूरोब्लास्ट स्वतःहून उठत नाही, त्याला शरीराची परवानगी लागते.

हे तुम्ही वर्गात करून दाखवू शकता. एका बाटलीत कुस्करलेलं केळं आणि चिमूटभर यीस्ट, दुसऱ्या बाटलीत अगरमध्ये नुसती साखर. नुकत्याच फुटलेल्या अळ्या मऊ ब्रशने दोन्हीत सोडा. मेंदू दिसणार नाही, पण तीन-चार दिवसांत यीस्टवरची अळी आणि साखरेवरची अळी शेजारी ठेवली की फरक शेवटच्या बाकावरूनही कळतो. पावसाळ्यात बाटल्यांना बुरशी धरते, तेव्हा हा प्रयोग दिवाळीनंतर घ्या. आमच्या प्रयोगशाळेत मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगर शिजवून माश्यांचं अन्न करतात आणि बुरशीसाठी त्यात प्रोपिऑनिक आम्ल घालतात. तो वास आला की दिवस सुरू झाला असं मला अजूनही वाटतं.

आता थांबणं. अळीच्या आयुष्याच्या सुरुवातीला इम्प नावाचं प्रथिन मिक बनवण्याच्या जनुकीय संदेशाला टिकवून धरतं, म्हणून न्यूरोब्लास्ट मोठे असतात आणि भराभर विभागतात. वय वाढतं तसं इम्प कमी होत जातं. कोशात गेल्यावर एक्डायसोन हे संप्रेरक शेवटचा निरोप देतं. २०१४ मध्ये व्हिएन्नाच्या युर्गेन क्नोब्लिख यांच्या प्रयोगशाळेतून कातारिना होमेम यांनी दाखवलं की त्या वेळी न्यूरोब्लास्ट आपला ऊर्जेचा व्यवहारच बदलतो. साखर केवळ वाढीसाठी वापरायची सोडून तो ती प्राणवायूच्या साहाय्याने पुरती जाळायला लागतो. वाढ आणि विभाजन यांची सांगड पुन्हा सुटते, प्रत्येक विभाजनात तो आक्रसतो, आणि पुरेसा लहान झाला की प्रोस्पेरो त्याच्याच केंद्रकात जातं. मग तो शेवटचा विभागतो आणि संपतो. मोठ्या माशीच्या मेंदूत हे न्यूरोब्लास्ट सापडत नाहीत. ज्या पेशीने शेकडो चेतापेशी दिल्या, तिने स्वतः चेतापेशींत विरून जाणं हा माझ्या मते जीवशास्त्रातला सर्वांत देखणा शेवट आहे.

ही गोष्ट मी नुसती वाचलेली नाही. चिमट्याच्या टोकाने अळीचे तोंडाचे काळे हुक धरायचे, दुसऱ्या चिमट्याने अंग हळूच मागे ओढायचं, की हुकांना लटकलेला मेंदू बाहेर येतो. दोन गोल भाग आणि मागे एक शेपटासारखी दोरी. न्यूरोब्लास्ट रंगवून पाहिले की भरल्या पोटाच्या अळीत ते टपोरे दिसतात आणि उपाशी अळीत शोधावे लागतात. नव्या विद्यार्थ्याला हा फरक दाखवला की त्याला इन्सुलिनची साखळी पाठ करावी लागत नाही.

आईच्या आहाराचं विचारलंत. अळी पुरेशी मोठी झाल्यावर उपाशी ठेवली तर शरीराची वाढ थांबते, मेंदूची मात्र बऱ्याच अंशी चालू राहते. त्या टप्प्यावर ग्लिया पेशी जेली बेली हे प्रथिन सोडतात, ते न्यूरोब्लास्टवरच्या आल्क या प्रथिनाला चालू करतं आणि अन्नाच्या तुटवड्यातही मेंदूची वाढ टिकते. माणसाच्या गर्भातही वाढ खुंटली तर पोटापेक्षा डोकं जास्त जपलं जातं, हे सोनोग्राफीच्या मापांत डॉक्टरांना दिसतं. पण या जपण्याला मर्यादा आहेत. आयोडीन नसेल तर मेंदूला दुसरा पर्याय नाही. फॉलिक अ‍ॅसिडची वेळ तर फार लवकर येते. ज्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत बंद होते, तेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून या गोळ्या मूल हवं असं ठरवल्यापासूनच घ्यायच्या. बारावीच्या वर्गातल्या मुलींना आणि मुलांनाही हे आजच सांगा.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. मेंदूच्या पेशी जन्मानंतर विभागत नाहीत असं आम्ही शाळेत शिकलो. मग माझ्या मित्राला मेंदूत गाठ झाली ती कसली?

उत्तर : तयार झालेली चेतापेशी विभागत नाही, हे तुम्ही बरोबर शिकलात. मोठ्या माणसांतल्या गाठी बहुतेक करून ग्लिया पेशींच्या कुळातून, मेंदूवरच्या आवरणांतून किंवा फुप्फुस, स्तन अशा दुसऱ्या अवयवातल्या कर्करोगातून आलेल्या असतात. तुमच्या मित्राची कोणती, ते त्यांचा बायॉप्सीचा अहवालच सांगेल.

लहान मुलांतल्या काही गाठींत मात्र वेगळं घडतं. तिथे चेतापेशी व्हायला निघालेली पेशी वाटेत अडकते आणि विभागतच राहते. वर मी ब्रॅट हे प्रथिन सांगितलं. ते जनुक बिघडलेल्या अळीत छोट्या पेशी पुन्हा न्यूरोब्लास्ट होतात आणि मेंदू गाठीसारखा सुजतो. त्या जनुकाचं मूळ नावच ब्रेन ट्यूमर आहे. मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा या, मेंदूबाहेरच्या चेतापेशींच्या कुळातल्या, कर्करोगात सुमारे पाचातल्या एकात मिकचं भावंड असलेल्या एमवायसीएन जनुकाच्या प्रती भरमसाट वाढलेल्या असतात आणि आजार उग्र असतो. काहींत आल्क बिघडून कायमचं चालू राहिलेलं असतं. उपाशी अळीच्या मेंदूला जपणारं तेच हे आल्क. २००८ मध्ये न्यूरोब्लास्टोमातला त्याचा हात उघड झाला आणि आज त्याला बंद करणारी औषधं वापरली जातात.

दृष्टिपटलाच्या गाठीचं, म्हणजे रेटिनोब्लास्टोमाचं, इथे सांगायलाच हवं. त्यात आरबी-१ हे विभाजन रोखणारं जनुक हरवतं. १९७१ मध्ये आल्फ्रेड नुडसन यांनी नुसत्या रुग्णांच्या नोंदी तपासून अनुमान काढलं की या रोगाला दोन आघात लागतात, आणि पुढे ते या जनुकाच्या दोन्ही प्रतींना लागू पडलं. तुम्ही आजोबा असाल तर हे ध्यानात ठेवा: फ्लॅशने काढलेल्या फोटोत लहान मुलाच्या एका बुबुळात लालऐवजी पांढरी चमक वारंवार दिसली, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. लवकर सापडला तर हा रोग बरा होतो.

प्रश्न : ताई, माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. त्याचं डोकं वयाच्या मानाने फार लहान आहे. तपासणीत एएसपीएम जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष निघाला. माझं लग्न आत्याच्या मुलाशी झालं आहे. घरात सगळे म्हणतात की मी पाचव्या महिन्यात ग्रहण पाळलं नाही, म्हणून असं झालं. मला रात्री झोप येत नाही. पुढचं मूलही असंच होईल का?

उत्तर : ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही. तुम्ही काय खाल्लंत, कुठे गेलात, विळी हातात घेतलीत की नाही, यातल्या कशानेही हे झालेलं नाही. हे उत्तर घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा, किंवा मासिकच आत्याच्या हातात द्या.

झालं ते असं. गर्भाच्या मेंदूत सुरुवातीला मूळपेशी दुपटीने वाढतात: एकीच्या दोन, दोनाच्या चार. पुरेशा झाल्या की त्या असमान विभागून चेतापेशी द्यायला लागतात. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी होतात त्या या पायावर. दुप्पट होण्याचा एक फेरा कमी पडला तरी पाया निम्मा राहतो. पेशी विभागताना आत तंतूंची एक तर्कू तयार होते आणि एएसपीएमचं प्रथिन तिच्या टोकांवर काम करतं. ते नसलं तर मूळपेशी दुप्पट होणं वेळेआधी सोडतात. म्हणून मेंदूची ठेवण बहुधा नीट असते, पण आकार लहान राहतो. २००२ मध्ये हे जनुक सापडलं, आणि जन्मजात लहान मेंदूच्या अशा आनुवंशिक प्रकारांत सर्वांत जास्त वेळा तेच बिघडलेलं आढळतं. फळमाशीतही त्याचं भावंड आहे आणि ते बिघडलं की माशीचा मेंदू लहान होतो.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक सदोष असली तरी दुसरी काम भागवते, म्हणून तुम्ही आणि तुमचे पती दोघेही पूर्ण निरोगी आहात. तुमचे वडील आणि तुमच्या आत्या भावंडं. त्यांच्या आईकडे किंवा वडिलांकडे बहुधा एक सदोष प्रत होती आणि ती दोन्ही वाटांनी तुमच्या घरात आली. यात तुमचा दोष नाही, आत्यांचाही नाही. अशा प्रती आपल्या प्रत्येकाच्या अंगात काही ना काही असतात. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत जुनी आहे, आणि नात्यातल्या लग्नात तीच सदोष प्रत दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते, इतकंच.

पुढच्या प्रत्येक गर्भारपणात असं मूल होण्याची शक्यता चारात एक, म्हणजे २५ टक्के. पहिलं झालं म्हणून दुसरं सुटेल किंवा दुसरंही असंच होईल, असं काही नसतं. दर वेळी तेच गणित नव्याने. तुमच्या मुलातला दोष नेमका माहीत असल्याने अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन गर्भाची तपासणी करता येते. नुसत्या सोनोग्राफीवर विसंबू नका, सुरुवातीच्या महिन्यांत डोक्याचं माप ठीक दिसू शकतं. दिवस जाण्याआधीच आनुवंशिकी सल्लागाराला भेटा आणि दोघांनी मिळून जा, तुम्हाला एकटीला पाठवू देऊ नका. तुमच्या पतीच्या भावंडांनीही लग्न ठरवताना हे सांगायला हवं.

मुलाचा मेंदू मोठा करणारं औषध, तेल, चूर्ण काहीही नाही. त्यात पैसे घालवू नका. वाचा-उपचार, हातापायांचे व्यायाम, खेळातून शिकवणं याचा मात्र खरा उपयोग होतो, आणि जितक्या लवकर तितका जास्त. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांशी जोडलेली शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे हे मोफत मिळतं. अंगणवाडीताईंना विचारा. या दोषाची बरीच मुलं उशिरा का होईना चालतात, बोलतात, माणसं ओळखून हसतात. तुमचं मूल काय शिकतंय ते दर महिन्याला एका वहीत लिहा. केंद्रातल्या डॉक्टरांना त्याचा उपयोग होईल. आणि मला पुन्हा पत्र पाठवा.

प्रश्न : मी नांदेडला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चेतापेशी विभागणं थांबवते, तरी तिचा तंतू कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचतो. ही वाढ कुठली? आणि या विषयात काम करायचं तर काय करू?

उत्तर : विभाजन थांबतं, वाढ नाही, वर पहिल्या उत्तरात सांगितलेली सांगड इथे कायमची सुटलेली असते. तो तंतू मीटरभर लांब होऊ शकतो आणि त्याला लागणारा बहुतेक माल मणक्याजवळच्या पेशीत बनून पुढे वाहून नेला जातो.

कुठे वाढायचं आणि जगायचं की नाही, हे समोरचा अवयव ठरवतो. त्वचेसारख्या अवयवांतून सुटणारा चेतावृद्धी घटक, एनजीएफ, तंतूच्या टोकावरच्या ट्रकए प्रथिनाला चिकटतो. ती जोडी पेशीच्या आत ओढली जाते, तंतूतून उलटा प्रवास करून केंद्रकापर्यंत निरोप नेते आणि जगवणारी जनुकं चालू होतात. ज्या तंतूला एनजीएफ मिळत नाही त्याची पेशी स्वतःला संपवते. सुरुवातीला गरजेपेक्षा कितीतरी जास्त चेतापेशी बनतात आणि ही निवड त्यांतून होते.

हे शोधणाऱ्या रिटा लेव्ही-मोन्तालचिनी इटलीतल्या तुरीनच्या. १९३८ च्या वंशवादी कायद्यांनी ज्यूंना विद्यापीठाची दारं बंद झाली, तेव्हा त्यांनी राहत्या खोलीत प्रयोगशाळा मांडली, शिवणाच्या सुया घासून हत्यारं केली आणि कोंबडीच्या अंड्यांतले गर्भ अभ्यासले. १९८६ मध्ये स्टॅन्ली कोहेन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. ट्रकए बनवणारं एनटीआरके-१ जनुक दोन्ही प्रतींत बिघडलेली मुलं अत्यंत दुर्मीळ असतात. त्यांना वेदना कळत नाही आणि घाम येत नाही, कारण त्या चेतापेशी गर्भातच मरून गेलेल्या असतात. भाजलं, हाड मोडलं तरी ती रडत नाहीत. ही माहिती मी पहिल्यांदा वाचली त्या दिवशी एनजीएफ मला खऱ्या अर्थाने समजलं.

कामाचं म्हणाल तर फळमाशीपासून सुरू करा. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी १९७० च्या दशकात तिच्या चेतासंस्थेची जनुकं शोधायला घेतली, तेव्हापासून आपल्या देशात ही परंपरा बळकट आहे. पुण्यातही फळमाशीवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. देशाच्या तीन विज्ञान अकादम्या मिळून विद्यार्थ्यांना दर उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती देतात. त्यांचे अर्ज हिवाळ्यातच घेतले जातात, म्हणून परीक्षा संपायची वाट बघू नका. अर्जासोबत लेखी टिपण लागतं. ते स्वतःच्या शब्दांत लिहा आणि त्यात एकच प्रश्न घ्या, तुम्ही मला विचारलात तोही चालेल.